बोल्ट तुटला, तर पैसे कोणी द्यायचे?

साक्री हे धुळे-सुरत महामार्गावरचे गाव. ट्रक, जीप, बस यांची वर्दळ रात्रंदिवस असते आणि गॅरेज, वेल्डिंग, टायर, स्पेअर पार्टची दुकाने यांवर येथील कितीतरी घरांची चूल पेटते. या धंद्यात आपले अनेक बांधव आहेत. त्यांच्या रोजच्या कामातला एक प्रश्न आज आम्ही मुद्दाम या पानावर घेत आहोत. जुन्या गाडीचा सायलेन्सर किंवा मॅनिफोल्ड खोलताना बोल्ट तुटला, तर तो काढण्याची मजुरी कोणी सोसायची? गिऱ्हाइकाने की कारागिराने?

प्रश्न किरकोळ वाटेल. पण तो नीट न सुटल्यामुळे काय होते, ते आम्ही पाहिले आहे. पिंपळनेर, दहिवेल, निजामपूर अशा बाजारांना कपडा घेऊन जाणारे आमच्या परिचयाचे एक व्यापारी आहेत. त्यांची जुनी ओम्नी फटफट आवाज करू लागली म्हणून त्यांनी ती एका गॅरेजात दिली. पॅकिंग बदलताना मॅनिफोल्डचा कडेचा स्टड तुटला. तेथील पोराने ते सांगितलेच नाही. उरलेले नट आवळले, फटीवर मसाला लावला आणि ठरलेले पैसे घेऊन गाडी दिली. पुढे थंडीत काचा बंद करून कोंडाईबारी घाट चढताना या गृहस्थांचे डोके दुखू लागले, मळमळू लागले. त्यांनी पित्ताच्या गोळ्या घेतल्या. घरी आले की बरे वाटे, गाडीत बसले की पुन्हा तेच.

ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखालीच असते. मॅनिफोल्डमधून निसटणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्टपणे चिकटतो. आधी डोके दुखते, मग सुस्ती येते, आणि सुस्ती आलेला माणूस घाटात गाडी चालवत असतो. दुसऱ्या एका उस्तादांनी सीट उचलून काजळीचा काळा पट्टा दाखवला, तेव्हा उलगडा झाला. व्यापाऱ्यांनी विचारले, "चाचा, त्या पोराने सांगितले का नाही?" उस्ताद म्हणाले, "शेठ, सांगितले असते तर तुम्ही पैसे दिले असते का?"

आमच्या मते सगळा प्रश्न या एका उत्तरात आहे.

बोल्ट का तुटतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. मॅनिफोल्ड रोज तापतो आणि रोज थंड होतो. बहुतेक गाड्यांत तो बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. या ओढाताणीचा मार कडेच्या स्टडवर सर्वांत जास्त बसतो. त्यात गंज चढतो. गंजलेले लोखंड फुगते आणि आट्यांत पाचर ठोकल्यासारखे घट्ट बसते. पंधरा-वीस वर्षे चाललेल्या गाडीत असा स्टड चांगल्या कारागिराच्या हातूनही तुटू शकतो. तो त्याचा गुन्हा नव्हे.

मात्र घाई हा गुन्हा आहे. गंज सोडवणारे तेल आदल्या रात्री मारून ठेवावे. नट एकदम जोराने फिरवू नये. थोडा सैल, थोडा घट्ट असे करत आणावा. एवढे करूनही तुटला आणि तुकडा बाहेर राहिला, तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करावे. वेल्डिंगच्या उष्णतेने गंजाची पकड सुटते. लाली गेल्यावर हळूहळू पाना फिरवला की बहुधा तुकडा निघतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार काढावी आणि पेट्रोलची नळी झाकावी. गॅसची ज्योत ॲल्युमिनियमवर जपून वापरावी, कारण ते लोखंडासारखे लाल होऊन इशारा देत नाही. ६६० अंशांना वितळून जाते.

स्टड हेडच्या बरोबरीने तुटला तर काम खरे कसबाचे. नेमक्या मध्यावर पंच मारावा आणि बारीक ड्रिलपासून सुरुवात करावी. उलट्या फिरतीचे ड्रिल मिळाले तर उत्तम, पुष्कळदा त्यानेच तुकडा बाहेर येतो. ईझी-आउटवर जबरदस्ती करू नये. ते कडक पोलादाचे असते, आत मोडले तर साध्या ड्रिलने कापले जात नाही, आणि हेड उतरवून मोठ्या शहरातल्या मशीन शॉपला पाठवण्याची पाळी येते. आटे गेलेच तर भोक वाढवून नवा आट्यांचा इन्सर्ट बसवता येतो. तुटका स्टड तसाच ठेवून वरून मसाला फासणे ही दुरुस्ती नव्हे.

आता पैशांचे. आमचे स्पष्ट मत असे की, पाना हातात घेण्यापूर्वी बोलणे झाले पाहिजे. "गाडी जुनी आहे, स्टड गंजले आहेत, एखादा तुटू शकतो. तुटला तर दर स्टडला एवढी मजुरी वेगळी पडेल." हे गंजलेले स्टड दाखवून सांगावे आणि बिलाच्या मागे लिहून द्यावे. मग सावकाश, तेल मारून काम करताना तुटला तर खर्च गिऱ्हाइकाचा. तेल न मारता जोर लावून तोडला, ड्रिल वाकडे घातले, ईझी-आउट आत मोडले, तर खर्च कारागिराचा. एवढी वाटणी दोघांनाही न्याय्य आहे.

काही बांधव म्हणतील, असे सांगितले तर गिऱ्हाईक शेजारच्या गॅरेजात जाईल. काही जण जातीलही. पण आधी सांगितलेला खर्च गिऱ्हाइकाला सोसवतो, नंतर निघालेला फसवणूक वाटतो. शिवाय लपवाछपवीचे मूळ फुकटच्या मजुरीत आहे. दोन तासांच्या कामाचे काहीच मिळणार नसेल, तर ते लपवण्याचा मोह शिकाऊ पोराला होणारच. उस्तादांनी त्या पोराला दटावण्याआधी आपले दरपत्रक पाहावे. तुटलेला स्टड काढणे हे वेगळे कसब आहे, त्याची वेगळी मजुरी मागण्यात लाज कसली?

गाडीमालकांनाही आमचे सांगणे आहे. कपड्याच्या दुकानात आपण आपल्या मालाचा भाव ठरवतो, तसा कारागीरही आपल्या वेळेचा भाव ठरवणार. स्वस्तात काम करून घेतले आणि धूर गाडीत घेतला, तर नुकसान आपलेच. स्पेअर पार्टवाल्यांनी नवे स्टड, पितळी नट आणि आट्यांना लावायचे तांब्याचे ग्रीस एकत्र ठेवावे. पितळी नट स्टडवर गंजून जाम होत नाही, ग्रीसमुळे आटे मोकळे राहतात, आणि पुढच्या वेळी खोलणाऱ्याचा वेळ वाचतो. बसवताना मधून कडेकडे, थोडे थोडे आवळावे.

त्या व्यापाऱ्यांचा स्टड उस्तादांनी दोन तासांत काढला. मजुरी आधी सांगितली होती, ती घेतली आणि तुटका तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. आता त्यांची गाडी दुसरीकडे जात नाही. आमच्या कारागीर बांधवांनी तुटलेला प्रत्येक बोल्ट असाच गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवावा, एवढीच विनंती.