तालीम कोण उचलून नेणार?

आम्ही कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतले, रक्तानं पाटाकडील तालमीचे. शाहू स्टेडियमवर शिवाजी तरुण मंडळाशी फुटबॉलचा सामना लागला, की दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढायचं अन् पायऱ्यांवर शेंगा फोडत बसायचं.

अमेरिकेतला भाचा बेसबॉलचं कौतुक सांगतो. खेळ झकासच, शेवटचा गडी बाद होईतो आशा जिवंत. पण ब्रुकलिनचा डॉजर्स संघ मालकानं १९५८ साली थेट लॉस एंजेलिसला नेला! आमची तालीम कोण नेईल?

तरीही व्यावसायिक फुटबॉल यावाच. आमचा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषक खेळला. तशा पोरांना खेळाचा पगार मिळायलाच हवा. फक्त संघाचा सातबारा पेठेच्याच नावावर राहू दे.