शास्त्रीय स्फुटें : सामाईक कोठींतील नवा माल

“काल सर्व कांहीं ठीक चालत होतें, आज चालत नाहीं, आणि आम्ही तर कशाला हातहि लावला नाहीं!” संगणकासंबंधीं ज्या तक्रारी कानांवर येतात, त्यांत ही फार जुनी होय. तक्रार करणारा खोटें बोलतो असें नाहीं. हात लागलेला असतो खरा. परंतु ज्या वस्तूला तो लागला ती एक, आणि जी बिघडली ती दुसरीच, असा प्रकार असल्यामुळें दोहोंचा संबंध त्याच्या ध्यानांत येत नाहीं. घरांतील एखाद्या उत्साही तरुणानें आदल्या रात्रीं नव्यांत नवी लायब्ररी, ती पुरती सिद्ध होण्याच्या आधींच, आणून बसविलेली असते. आणि दुसऱ्या दिवशीं वडिलांचा जमाखर्च उघडत नाहीं, किंवा आजींच्या कीर्तनाच्या ध्वनिमुद्रणांत खरखर ऐकूं येते. अशा बिघाडाचें मूळ कसें शोधावें, आणि शोध कोठें थांबवूं नये, ह्याचा विचार आज करावयाचा आहे.

लायब्ररी म्हटलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें पुस्तकांचीं कपाटें उभीं राहतील. येथें अर्थ निराळा आहे. फाईल उघडणें, पडद्यावर अक्षरें उमटविणें, स्मृतींतील मजकूर एका जागेवरून दुसऱ्या जागीं नेणें, हीं कामें प्रत्येक प्रोग्रॅमला करावीं लागतात. तीं ज्यानें त्यानें स्वतंत्रपणें लिहावयाचीं म्हटलें तर श्रम व जागा दोन्ही वायां जातील. म्हणून तीं एकदांच लिहून सामाईक ठेवितात आणि ज्याला जें लागेल तें तो तेथून घेतो. एकत्र कुटुंबांतील कोठीघराचाच हा न्याय आहे. लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक घरगुती संगणकांत ह्या कोठ्यांमधील मूळ कोठी म्हणजे ग्लिबसी नांवाची लायब्ररी होय. कोठींतल्या डाळीला कीड लागली तर ती कोणाला आमटींत सांपडते, कोणाला पुरणांत. आणि प्रत्येकजण आपापल्या पातेल्याला दोष देतो. ग्लिबसींत झालेला फरकहि असाच निरनिराळ्या प्रोग्रॅमांतून निरनिराळ्या रूपांनीं बाहेर पडतो.

नवा माल एकदम सर्वांच्या कोठींत जाऊं नये म्हणून संगणकांच्या जगानेंहि कांहीं पायऱ्या बांधल्या आहेत. १९९३ सालीं इअन मर्डॉक ह्यांनीं आरंभिलेल्या डेबियन प्रकल्पाची रचना ह्या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. जेथें मजबुतीलाच मान ती शाखा ‘स्टेबल’. तिच्या आधींची ‘टेस्टिंग’. त्याहि आधींची ‘अनस्टेबल’. ह्या शेवटल्या शाखेला ‘सिड’ असें टोपणनांव आहे. ‘टॉय स्टोरी’ ह्या १९९५ सालच्या चित्रपटांतील, खेळणीं मोडणाऱ्या शेजारच्या मुलाचें तें नांव होय. तिच्याहि पलीकडे ‘एक्स्पेरिमेंटल’ आहे. तेथील माल मुद्दाम मागितल्याशिवाय कोणाच्या दारीं येत नाहीं. जो तो मागवितो, तो धोका जाणूनच मागवितो असें धरलें जातें. आमचा आक्षेप मागविण्याला नाहीं. मागवून, बिघाड दिसतांच जुनें परत बसवून स्वस्थ निजण्याला मात्र आहे. आणि तो कां, हें पुढील दोन प्रकरणांवरून स्पष्ट होईल.

पहिलें प्रकरण २०१० सालचें. फेडोरा १४ ही लिनक्सची आवृत्ति त्या वर्षींच्या नोव्हेंबरांत बाहेर पडली. तींतील ग्लिबसी २.१२ व २.१३ ह्या दोन पक्क्या आवृत्तींच्या मधल्या, विकासावस्थेंतील होती. बाहेर पडण्यापूर्वींच, सप्टेंबर अखेरीस, चाचणी करणाऱ्यांना एक चमत्कारिक अनुभव आला : अॅडोबीच्या फ्लॅश ह्या प्रोग्रॅममधून गाणें ऐकावयास जावें तों आवाज विचित्र व फाटलेला येई. ध्वनीचें यंत्र ठीक, तारा ठीक, इतर प्रोग्रॅमांतून तेंच गाणें ठीक. आणि हेंच सर्व दुसऱ्या प्रोसेसरच्या संगणकावर केलें तर तेथें मुळीं बिघाडच नाहीं.

मूळ निघालें तें ‘मेमकॉपी’ नांवाच्या एका लहानशा क्रियेंत. मजकूर एका जागेहून दुसऱ्या जागीं उतरविणें एवढेंच तिचें काम. हें काम अधिक वेगानें व्हावें म्हणून नव्या ग्लिबसींत कांहीं प्रोसेसरांपुरती एक नवी रीत घातली होती. तींत मजकूर कांहीं प्रसंगीं शेवटाकडून सुरुवातीकडे उतरविला जाई. ह्यानें काय बिघडतें, तें फळ्यावर पाहावें. फळ्यावर पांच घरें आंखून दुसऱ्या घरापासून क, ख, ग, घ हीं अक्षरें लिहा आणि प्रत्येक अक्षर एक घर डावीकडे सरकवा. डावीकडून आरंभ केला तर चारी अक्षरें सुखरूप सरकतात. उजवीकडून आरंभ केला तर ‘घ’ हें ‘ग’च्या घरांत पडतें, आणि ‘ग’ उचलावयास जावें तों तेथें ‘घ’ बसलेला! शेवटीं सर्व घरांत ‘घ’च उरतो. मजकुराची जुनी जागा व नवी जागा एकमेकींवर चढलेल्या असल्या म्हणजे असा अनर्थ होतो. फ्लॅश नेमकें तेंच करीत होतें, आणि गाण्याचे तुकडे ह्या रीतीनें एकमेकांवर पडत होते.

आतां मौज अशी कीं, सी भाषेच्या १९८९ सालच्या प्रमाणग्रंथांत ह्याविषयीं स्पष्ट नियम आहे. दोन्ही जागा एकमेकींवर चढत असतील तर मेमकॉपी वापरूं नये. त्यासाठीं ‘मेममूव्ह’ ही निराळी क्रिया आहे. म्हणजे शास्त्राप्रमाणें अपराधी फ्लॅशच. परंतु वर्षानुवर्षें जुनी मेमकॉपी डावीकडूनच आरंभ करीत आल्यामुळें हा नियमभंग कोणाला बाधला नव्हता. त्याची रूढीच पडून गेली होती. मग वाद माजला. ‘दोष आमच्याकडे नाहीं’ असा शेरा मारून ती तक्रार प्रथम निकालांत काढण्यांत आली. लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स ह्यांनीं त्यास विरोध केला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा कीं, गाणें ऐकणाऱ्याला प्रमाणग्रंथाशीं कर्तव्य नाहीं. काल वाजत होतें तें आज वाजत नाहीं, एवढेंच त्याला कळतें. नुसतें बोलून ते थांबले नाहींत. मेमकॉपीची हांक आली कीं मेममूव्हचें काम करणारी एक लहानशी लायब्ररी लिहून त्यांनीं तात्पुरती सोयहि करून दिली.

शास्त्र थोर कीं रूढी थोर, हा वाद आमच्या वाचकांना नवा नाहीं. तो किती घरांत किती कडवटपणानें झाला हेंहि सर्वांस ठाऊक आहे. येथें त्याचा निकाल मात्र विचारपूर्वक लागला. २०११ सालीं ग्लिबसीची २.१४ ही आवृत्ति निघाली. तींत अशी व्यवस्था केली कीं, पूर्वीं बांधलेले ६४ बिटांचे प्रोग्रॅम जी मेमकॉपी मागतील ती मेममूव्हसारखी निर्धोक वागेल, आणि ह्यापुढें नव्यानें बांधल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमांना नवी, वेगवान मेमकॉपी मिळेल. जुन्या वचनाला जुना अर्थ, नव्या वचनाला नवा. ह्या सोयीची किंमतहि पडली. नव्या पद्धतीनें बांधलेला प्रोग्रॅम जुन्या ग्लिबसीच्या संगणकावर नेला तर ‘२.१४ सांपडत नाहीं’ असें म्हणून तो अडून बसे. फ्लॅश तर ३१ डिसेंबर २०२० रोजीं कायमचें निवृत्त झालें; त्याच्या चुकीमुळें झालेली ही व्यवस्था अद्यापि टिकून आहे.

ह्या प्रकरणांतून आम्ही घेतों तो बोध असा : अपराध एकाचा, बदल दुसऱ्याचा आणि भोग तिसऱ्याचा असूं शकतो. ‘काय बदललें?’ व ‘चूक कोणाची?’ हे दोन प्रश्न निराळे आहेत. पहिल्याचें उत्तर मिळालें म्हणजे दुसऱ्याचें मिळालें, असें समजणाराची फसगत होते. सून घरांत आल्यावर भिंतींतील जुनी भेग दिसूं लागली तर भेग सुनेनें पाडली असें ठरत नाहीं. कदाचित् तिनें भिंत झाडली, म्हणून ती दिसली असेल.

तथापि पहिल्या प्रश्नापासूनच आरंभ करावा लागतो. त्यासाठीं स्मरणावर भरंवसा ठेवूं नये. कोणतें पॅकेज कोणत्या दिवशीं बदललें ह्याची रोजकीर्द संगणक स्वतःच ठेवितो. ती काढून वाचावी. मात्र बिघाडाच्या आदल्या दिवसाचेंच पान पाहून थांबूं नये. लायब्ररी बदलली तरी जो प्रोग्रॅम त्या वेळीं चालूं असतो तो जुनीच प्रत हातांत धरून असतो; तो बंद करून पुन्हां सुरूं करीपर्यंत नव्या प्रतीशीं त्याची गांठच पडत नाहीं. ज्या घरांत संगणक आठवडेच्या आठवडे बंद होत नाहीं, तेथें आज झालेला बदल पंधरा दिवसांनीं, वीज गेल्यानंतर, बिघाड म्हणून प्रकट होतो. आणि बिचाऱ्या वीज मंडळाला बोल लागतो.

मग बिघडलेला प्रोग्रॅम कोणकोणत्या लायब्रऱ्या मागतो हें पाहावें. ‘एलडीडी’ ही आज्ञा ती यादी देते. यादी व रोजकीर्द ताडून पाहिल्या कीं संशयितांची संख्या दोनचारांवर येते. त्यांतील एकेकच मागें न्यावी, आणि प्रत्येक वेळीं तीच परीक्षा पुन्हां करावी. वैद्यानें एकाच दिवशीं चार औषधें बदललीं तर गुण कशानें आला तें त्यालाहि सांगतां येणार नाहीं. शेवटीं ‘वालग्रिंड’सारखें परीक्षक साधन लावावें. प्रोग्रॅम स्मृतीशीं नियमबाह्य वर्तन कोठें करतो हें तें दाखवितें, आणि फ्लॅशचा अपराधहि त्यानेंच उजेडांत आणला होता.

एका गोष्टीचा इशारा येथेंच दिला पाहिजे. इतर लायब्रऱ्यांप्रमाणें ग्लिबसी हातानें काढून टाकूं नये. ती गेली कीं फायलींची यादी दाखविणें, प्रत करणें असल्या साध्या आज्ञाहि चालत नाहींत. विहिरींत उतरून दोर कापण्यासारखें तें होईल. आधीं सर्व कागदपत्रांची प्रत बाहेर काढून ठेवावी, आणि ज्यावरून संगणक स्वतंत्रपणें सुरूं करतां येईल अशी पेनड्राइव्ह जवळ असावी. मागें जाण्याची वाट ही पुढें जाण्याइतकी तयार केलेली नसते. डेबियनहि तशा परतीची हमी देत नाहीं.

दुसरें प्रकरण २०२४ सालचें. आणि पहिल्यांत नवा पाहुणा निरपराधी निघाला तर ह्यांत तोच चोर ठरला. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस ह्या प्रसिद्ध प्रोग्रॅमचे एक कर्ते. सिड शाखेच्या संगणकावर वेगाचीं मोजमापें घेतांना त्यांना दिसलें कीं, दूरच्या संगणकांत शिरण्यासाठीं वापरतात त्या एसएसएचला सुमारें अर्धा सेकंद अधिक लागत आहे. पूर्वीं वालग्रिंडनें केलेल्या कांहीं कुरबुरीहि त्यांना आठवल्या. अर्ध्या सेकंदाकरितां कोण डोकें शिणवितो! परंतु त्यांनीं माग सोडला नाहीं. तो माग गेला एक्सझेड ह्या, फायली दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीच्या ५.६.० व ५.६.१ ह्या नव्या आवृत्तींकडे. तेथें आढळलें कीं, दोनएक वर्षें गोड वागून विश्वास मिळविलेल्या एका सहकाऱ्याच्या नांवानें त्या लायब्ररींत चोरदरवाजा बसविण्यांत आला होता. २९ मार्च २०२४ रोजीं फ्रॉइंड ह्यांनीं तें जाहीर केलें. त्या वेळेपर्यंत तो माल डेबियनच्या अनस्टेबल व टेस्टिंग शाखांत पोंचला होता. स्टेबलच्या उंबऱ्याच्या आंत तो आला नव्हता. डेबियननें तातडीनें जुना माल परत आणला. पण आवृत्तींचे आंकडे पुढेंच जातात, मागें येत नाहींत. म्हणून त्या परत आलेल्या मालावर ‘५.६.१+रिअली५.४.५’, म्हणजे ‘नांवाला ५.६.१, खरोखर ५.४.५’, अशी चिठ्ठी लावावी लागली.

अर्ध्या सेकंदाची चुटपुट लागतांच फ्रॉइंड ह्यांनीं जुनी आवृत्ति बसवून आपलें काम पुढें चालविलें असतें, तर त्यांच्या घरची अडचण तेव्हांच मिटली असती. आणि तो चोरदरवाजा पायरी पायरीनें खालीं उतरून, ज्यांना सिडचें नांवहि ठाऊक नाहीं अशांच्या कचेऱ्यांपर्यंत व घरांपर्यंत गेला असता. आमच्या आक्षेपाचें कारण हेंच आहे.

तात्पर्य, घरांतील उत्साही मुलामुलींना प्रायोगिक माल आणूं द्यावा. पण तो त्यांच्या निराळ्या संगणकावर. ज्यावर घरचा हिशेब, मुलांचा अभ्यास व वडीलधाऱ्यांचे दवाखान्याचे कागद आहेत, तो संगणक स्टेबलवरच असावा. आणि त्यांना एवढें अवश्य सांगावें कीं, बिघाड दिसला तर कोणतें पॅकेज, कोणती आवृत्ति, कोणता प्रोसेसर, काय केल्यानें बिघडतें व काय केल्यानें बिघडत नाहीं, हें सर्व नीट लिहून त्या लायब्ररीच्या पालकांकडे कळवावें. आपल्या घरीं जुनें पुन्हां बसवून भागेल. परंतु आपल्या मागून येणाऱ्यांसाठीं तेवढ्यानें भागत नाहीं.