सदका आणि मोबाईल

उजव्या हाताने दिलेला सदका डाव्या हातालाही कळू नये, अशी आपली शिकवण. मोबाईलवरून दिला, की बँकेत नोंद राहतेच. अमेरिकी संशोधक डेव्हिड चॉम यांनी १९८२ मध्ये यावर तोड काढली होती. समजा, कार्बन लावलेल्या बंद पाकिटावर बँकेने सही केली. ती आतल्या चिठ्ठीवर उमटते. पुढे चिठ्ठी परत आली, की बँकेला आपली सही ओळखता येते, देणारा मात्र कळत नाही. त्यांची कंपनी १९९८ मध्ये बुडाली. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२२ पासून ऑनलाइन दुकानांना कार्डाचा क्रमांक साठवून ठेवता येत नाही. त्याजागी टोकन असते. चोरीला आळा बसला, गुप्ततेचा प्रश्न उरला. बँकेची नोंद आपल्या हाती नाही. पण मदतीचा स्क्रीनशॉट नातेवाइकांच्या ग्रुपवर न टाकणे तर आपल्याच हाती आहे! घेणाऱ्याची अब्रू ही आपल्याकडची अमानत आहे, असे आम्ही मानतो.