विजेने उघडते पेशीचे दार

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, किरणोपचार झाले, तरी काही स्त्रियांच्या छातीच्या कातडीवर पुन्हा गाठी उठतात. त्या फुटतात, चिघळतात, रक्त येते, दुर्गंधी सुटते. मग नातवंडाला जवळ घ्यायलाही आजीला संकोच वाटतो. अशा रुग्णांना विजेची मदत होऊ शकते.

१९६६ साली जपानमध्ये हामाओ उमेझावा यांनी एका सूक्ष्म जीवाणूपासून ब्लिओमायसिन हे औषध मिळवले. औषध जालीम आहे, पण पेशीच्या आवरणातून ते सहजासहजी आत शिरत नाही.

हे बंद दार विजेने उघडण्याची युक्ती पॅरिसजवळच्या गुस्ताव रुसी संस्थेतील लुईस मीर व त्यांच्या सहकाऱ्यांनी वापरली. रुग्णांवरील पहिल्या प्रयोगाचा वृत्तांत १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला.

उपचाराची रीत अशी : औषध शिरेतून किंवा थेट गाठीत टोचतात. त्यानंतर गाठीत सुया बसवून विजेचे आठ झटके देतात. प्रत्येक झटका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढा! तेवढ्यात आवरणाला सूक्ष्म छिद्रे पडतात आणि औषध आत शिरते. काही मिनिटांत छिद्रे बुजतात, पण आत गेलेले औषध पेशीतील डीएनए तोडते व पेशी मरते. झटक्याने स्नायू आखडतात, म्हणून आधी भूल दिली जाते.

२००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील पाहणीत सुमारे ८५ टक्के गाठी लहान झाल्या किंवा नाहीशा झाल्या.

मात्र एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. हा उपचार जिथे केला त्या गाठीपुरताच असतो. शरीरात इतरत्र पसरलेला रोग त्याने बरा होत नाही. ब्लिओमायसिनमुळे फुप्फुसांना इजा होऊ शकते. म्हणून दम्याचा किंवा फुप्फुसाचा विकार असल्यास, तसेच हृदयात पेसमेकर बसवला असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे.

'विजेने कर्करोग घालवतो' असे सांगून पट्टे आणि यंत्रे विकणाऱ्यांचा या उपचाराशी काहीही संबंध नाही. त्यांच्या नादी लागून शस्त्रक्रिया लांबवली, तर गेलेला वेळ परत मिळत नाही. गाठ हाताला लागली की आधी कर्करोगतज्ज्ञांना दाखवा. विजेचा उपयोग करायचा की नाही, हे त्यांनाच ठरवू द्या.