खजुरी स्थानकाअलीकडे थांबलेली गाडी

खजुरीला रेल्वे नाही. मुंबईहून चेन्नईकडे जाणारा लोहमार्ग आमच्या दक्षिणेकडून दुधनी, गाणगापूर रोड अशी स्थानके घेत कलबुर्गीला जातो. २०१७ साली बीदर-कलबुर्गी मार्ग सुरू झाला, तोही आमच्या पूर्वेकडून निघून गेला. तेव्हा गावाला जे लाभले नाही ते आपल्या माळवदाच्या घरात तरी असावे, अशा हौसेने आम्ही आणि आमच्या नातवाने मधल्या खोलीत भिंतीच्या कडेने बारा फूट लांबीची फळी ठोकली, तिच्यावर लहानसे रूळ अंथरले आणि अखेरच्या टोकाला ‘खजुरी’ अशी पाटी लावली. हौसेचे मूळ पुण्यात आहे. कोथरूड भागात भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ साली लोकांसाठी खुले झाले. तेथे पळणाऱ्या चिमुकल्या गाड्या पाहून आलेला मुलगा स्वस्थ बसेल, ही अपेक्षाच चुकीची.

आमची गाडी सत्त्याऐंशीपट लहान प्रमाणाची आहे. तिच्या रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर. युरोपातील १४३५ मिलिमीटरच्या मार्गाला ८७ ने भागले की हा आकडा येतो. आपला भारतीय रुंदमार्ग १६७६ मिलिमीटरचा असल्याने या हिशेबात तो तंतोतंत बसत नाही. पण हौसेला तेवढी तडजोड मान्य असते. एका रुळातून वीज इंजिनात जाते, मोटर फिरवते आणि दुसऱ्या रुळातून परत येते. दाब अवघा १२ व्होल्ट.

गेल्या श्रावणात ही गाडी बिघडली. निघताना ठीक धावे, अर्ध्या वाटेनंतर मंदावे आणि खजुरी स्थानकाच्या हातभर अलीकडे थांबून राही. दोनच दिवसांपूर्वी नातवाच्या हातून इंजिन जमिनीवर पडले होते. आम्ही क्षणाचाही विचार न करता म्हणालो, “पाडलेस ना? आता बघ, मोटर गेली.” पोर काही बोलले नाही. फक्त त्या दिवसापासून ते फळीकडे फिरकेनासे झाले. आम्ही मात्र इंजिन उघडून बसलो. आत कार्बनचे ब्रश दाबून धरणारी केसासारखी बारीक स्प्रिंग असते. ती उडाली आणि शोधण्यात एक संध्याकाळ गेली. सापडली, बसवली, इंजिन बंद केले. गाडी पुन्हा त्याच जागी थांबली.

तेव्हा कुठे आम्हांला पहिला प्रश्न सुचला, जो खरे तर आरंभीच सुचायला हवा होता. इंजिनच बिघडले असते तर ते सर्वत्र अडखळले असते. ते नेमके एकाच ठिकाणी का अडखळते? वीज जेथून येते त्या टोकाला ठेवून पुढे-मागे चालवले, तर ते उत्तम धावले. म्हणजे इंजिन निर्दोष. आणि ओघानेच नातूही निर्दोष.

मग आम्ही त्याला बोलावले. म्हटले, “बाळा, दोष तुझा नाही. खरा कोठे आहे तो आपण दोघे शोधू.” तो आला, पण जरा दूरच उभा राहिला.

प्रथम स्पिरिटमध्ये भिजवलेल्या फडक्याने रूळ व इंजिनाची चाके पुसली. अर्थात वीज बंद करून आणि ज्योतीपासून दूर. माळवदाची माती सदैव झिरपत असते, त्यात सुगीत ज्वारीच्या राशीची धूळ. फडके काळेभोर निघाले. येथे सँडपेपर वापरू नये. त्याने रुळावर ओरखडे पडतात आणि ओरखड्यांत मळ अधिकच घट्ट बसतो. गाडी थोडी सुधारली, तरी स्थानक गाठीना.

मग मल्टिमीटर काढला. स्थानकाजवळ रुळांना लावला तर काटा पुरे १२ व्होल्ट दाखवू लागला! येथेच पुष्कळ जण फसतात. मीटर स्वतः जवळजवळ काहीच वीज ओढत नाही. त्यामुळे जोड कितीही खराब असला तरी दाब पुरा दिसतो. जोडाची परीक्षा त्यातून प्रवाह वाहू लागल्यावरच होते. जोडात ४ ओहमचा अडथळा असेल आणि इंजिन अर्धा अँपिअर घेत असेल, तर २ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. रिकाम्या बैलगाडीवरून चाकाची ताकद कळत नाही, तसेच हे.

म्हणून आम्ही मोटारसायकलचा १२ व्होल्ट, ५ वॉटचा छोटा दिवा घेतला आणि त्याच्या दोन तारा रुळांना टेकवत पुढे सरकलो. फळीच्या मध्यावर दिवा लखलखीत, स्थानकापाशी मिणमिणता. मग उरलेल्या भागाच्या मध्यावर, पुन्हा त्याच्या मध्यावर. दर वेळी संशयाचे क्षेत्र निम्मे होई. चौथ्या खेपेला दोषी जोड सापडला. स्थानकापाशी दिवा पेटता ठेवून मीटरची एक सुई त्या जोडाच्या अलीकडे, दुसरी पलीकडे टेकवली. चांगल्या जोडावर काटा जवळजवळ शून्यावर राहतो. येथे ५ व्होल्ट दिसले. “आबा, येथे डिंक आहे,” नातू म्हणाला. एव्हाना तो अगदी खांद्याशी आला होता.

डिंक होताच. महिन्यापूर्वी रुळांखाली खडी चिकटवण्यासाठी पांढरा डिंक पाण्यात कालवून आम्हीच ओतला होता. तो फिशप्लेटमध्ये शिरून वाळला होता. दोष आमच्या हातचा आणि आळ मुलावर!

वीज बंद करून त्या जोडावरून बारीक तार डाख देऊन जोडली. पुढे फळीखालून दोन जाड तारा नेऊन प्रत्येक रुळाला त्यांच्यापासून स्वतंत्र फाटा दिला, म्हणजे वीज फिशप्लेटच्या मेहेरबानीवर राहिली नाही. मात्र ज्यांचा मार्ग वळसा घेऊन स्वतःलाच येऊन मिळतो त्यांनी तेथील प्लॅस्टिकचे जोड तारेने बुजवू नयेत; धन आणि ऋण एकत्र येऊन शॉर्ट होईल. आणि मुलांचा हात १२ व्होल्टच्या बाजूलाच असावा. ट्रान्सफॉर्मरची २३० व्होल्टची बाजू घरी उघडू नये.

खऱ्या रेल्वेतही रुळांतून मंद प्रवाह खेळवून गाडीचा ठाव घेतात. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन गृहस्थाने १८७२ साली त्याचे पेटंट घेतले. गाडीची चाके दोन रूळ जोडतात, रिलेला मिळणारा प्रवाह खुंटतो आणि सिग्नल लाल होतो. विशेष असे की तार तुटली, जोड निसटला, तरीही सिग्नल लालच होतो. शंका असेल तर थांबा, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या जिभेला त्या दिवशी ही व्यवस्था नव्हती.

गाडी खजुरीला पोहोचली तेव्हा आम्ही नातवाची क्षमा मागितली. तो लाजून म्हणाला, “असू द्या आबा. पण पुढच्या खेपेला खडी मी चिकटवतो.” आम्ही डिंकाची बाटली त्याच्या स्वाधीन केली आहे.