वई एका दिवसात काढायची नसते



मे महिना लागला की आमच्या कोकणात घरं उघडतात. मुंबई-पुण्याहून मंडळी येतात, काही जण निवृत्त होऊन कायमचीच येतात. आल्यावर पहिल्यांदा डोळ्यांत भरते ती घराभोवती माजलेली जुनी वई. गिरिपुष्पाचे मांडीएवढे झालेले बुंधे, त्यात शिरलेली घाणेरी, मधेच उगवलेलं एखादं वाकडं झाड. पाऊस तोंडावर आलेला असतो, सुट्टी संपत आलेली असते. मग घरातला कर्ता पुरुष कोयता आणि पहार काढतो आणि म्हणतो, "आज हे सगळं साफ करूनच टाकतो."

दोन-तीन दिवसांत त्यातले काही जण माझ्यासमोर बसलेले असतात.

असाच एक प्रसंग सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. साठी ओलांडलेले एक गृहस्थ. आयुष्यभर टेबलावरची नोकरी, रक्तदाबाची एक गोळी, बाकी तब्येत ठीक. सकाळी सात वाजता वई तोडायला लागले. अकराच्या सुमारास छातीत आणि डाव्या खांद्यात जडपणा आला. सावलीत बसले, लिंबू सरबत घेतलं, बरं वाटलं. पुन्हा पहार उचलली. दुपारी खांदा जास्त भरला म्हणून बायकोने तेल चोळून दिलं. रात्री नऊला घामाने भिजलेल्या अवस्थेत माझ्याकडे आले. ईसीजीत हार्ट अटॅक स्पष्ट दिसत होता. ते वाचले, पण मधले दहा तास वाया गेले होते. हृदयाचा जो भाग त्या वेळात कायमचा दुबळा झाला, तो काही परत आला नाही. आज त्यांना एक जिना चढला तरी थांबावं लागतं.

मला म्हणाले, "डॉक्टर, पहार मारली होती ना, म्हणून खांदा दुखतोय असंच वाटलं हो."

हे वाक्य मी अनेकांकडून ऐकलं आहे, म्हणून आजचा हा लेख.

दोष कामाचा नाही, एका दिवसाचा आहे

असा प्रकार घडला की दोन प्रकारचे सल्ले मिळतात. मुलं म्हणतात, "बाबा, तुम्ही आता बागेत हातच लावायचा नाही." आणि बाबांच्या वयाचे शेजारी म्हणतात, "काही होत नाही, आपले वाडवडील हेच करत आले." माझ्या मते दोन्ही चूक आहेत.

वाडवडील हे करत होते, पण वर्षभर करत होते. आज चार फांद्या, उद्या दोन भारे, परवा नांगर. त्यांच्या शरीराला या कामाची सवय होती. तुम्ही अकरा महिने खुर्चीत बसता आणि बाराव्या महिन्यात एका दिवसात सहा तास पहार मारता. सवय नसलेल्या माणसाने एकदम जोराचं काम केलं की त्या वेळी आणि पुढच्या तासाभरात हार्ट अटॅकचा धोका तात्पुरता वाढतो. नियमित व्यायाम करणाऱ्यात ही वाढ खूपच कमी असते.

आणि म्हणूनच बागकाम पूर्ण बंद करणं हाही उपाय नाही. जो माणूस रोज तासभर बागेत वाकतो-उठतो, त्याची साखर, रक्तदाब आणि झोप सगळंच सुधारतं. बाबांना बागेतून उठवून टीव्हीसमोर बसवलंत, तर पुढच्या वेळी त्यांचं शरीर आणखी कच्चं असेल.

शरीरात नेमकं काय होतं

पहार मारताना किंवा मूळ ओढताना आपण नकळत श्वास रोखतो. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब काही क्षण झपाट्याने वर जातो. हात डोक्याच्या वर नेऊन काम केलं की त्याच श्रमाला हृदयाची गती जास्त वाढते. त्यात मे महिन्याचं दमट ऊन. घाम निघतो, पण हवेत ओलावा असल्यामुळे सुकत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. शरीरातलं पाणी मात्र कमी होतं. लघवी जास्त करणारी किंवा हृदयाची गती कमी ठेवणारी गोळी चालू असेल, तर चक्कर लवकर येते.

पाठीचं गणित वेगळं आहे. मणक्यांमधल्या चकत्या रात्री झोपेत पाणी शोषून फुगतात. त्यामुळे उठल्यावर पहिला तासभर पाठ ताठ असते आणि वाकल्यावर चकतीवर जास्त ताण येतो. म्हणजे "उठल्या उठल्या, ऊन व्हायच्या आत उरकतो" हे उन्हासाठी बरोबर असलं, तरी पाठीसाठी नाही. उठा, चहा घ्या, अंगणात दहा-पंधरा मिनिटं फिरा, केर काढा, मग वाका. चकती सरकण्याला सर्वांत पोषक कृती म्हणजे वाकलेल्या अवस्थेत कंबर पिळून झटका देणं. मूळ उपटताना आपण अगदी हेच करतो.

तिसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. सवय नसताना स्नायूंना बेसुमार राबवलं तर स्नायूंचे तंतू फुटतात आणि त्यातला लाल द्रव्याचा अंश मूत्रपिंडात अडकतो. कामाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी झाली आणि अंग विलक्षण दुखत असेल, तर वेदनाशामक गोळी घेऊन झोपू नका. त्या गोळ्या मूत्रपिंडाला आणखी त्रास देतात. सरळ दवाखाना गाठा.

वईत तुम्ही एकटे नसता

जुन्या वईत आणि तिच्या पायथ्याच्या गडग्यात बरीच वस्ती असते. फुरसं आकाराने लहान आणि मातीच्या रंगाचं, पटकन दिसत नाही. काठीने आधी पालापाचोळा हलवा, मगच हात घाला. पायात चपला नकोत, गमबूट हवेत. साप चावला तर कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. हात किंवा पाय फळीने स्थिर करा, १०८ ला फोन करा आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयात जा. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं. त्यामुळे साप मारून आणण्यात वेळ घालवू नका.

लाल विंचवाबद्दलही तेच. दंशानंतर भरपूर घाम, उलट्या, हातपाय गार पडणं ही हृदयावर परिणाम होत असल्याची लक्षणं आहेत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून असे रुग्ण मोठ्या संख्येने वाचतात. अट एकच, ते वेळेवर पोचले पाहिजेत.

आणि डोळे. शेराचं कुंपण तोडताना पांढरा चीक डोळ्यात उडाला तर सुरुवातीला फक्त चुरचुरतं, पण काही तासांनी असह्य वेदना होतात आणि दिसायला धूसर होतं. लगेच स्वच्छ पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. दूध, मध, तूप काही घालू नका. साधी फांदी किंवा पान डोळ्याला लागलं तरी दुर्लक्ष नको. झाडपाल्याच्या ओरखड्यातून बुबुळात बुरशी शिरते आणि औषधाच्या दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे थेंब ती वाढवतात. अशाने डोळा गेलेले लोक मी पाहिले आहेत. एक साधा प्लास्टिकचा चष्मा हे सगळं टाळू शकतो.

मधुमेह असेल तर संध्याकाळी पाय उजेडात तपासा. संवेदना कमी झालेल्या पायात मोडलेला काटा दुखत नाही, थेट पिकतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर धारदार हत्यार दुसऱ्याच्या हाती द्या. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत घेतलं नसेल, तर कोयता हातात घेण्याआधी घ्या.

मग काम करायचं कसं?

आधी कामाचे तुकडे पाडा, मग झाडाचे. पन्नास फूट वई असेल तर रोज पाच फूट. दहा-बारा दिवस लागतील, लागू देत.

- आदल्या संध्याकाळी बुंध्याशी भरपूर पाणी घाला. पहिले एक-दोन पाऊस पडून गेल्यावर माती भिजलेली असेल तर श्रम निम्म्याने वाचतात. मात्र पावसात साप जास्त बाहेर पडतात, हे विसरू नका.
- आधी बारीक फांद्या, मग जाड. बुंधा एकदम जमिनीलगत कापू नका. कमरेएवढा ठेवा. भोवती खणून बाजूची मुळं तोडा आणि तो उरलेला बुंधा दांड्यासारखा मागे-पुढे हलवून सैल करा. झटका देऊन उपटायचं नाही.
- अर्धा-पाऊण तास काम, पंधरा मिनिटं सावलीत विश्रांती. सकाळी दहाला काम बंद.
- तहान लागण्याआधी पाणी प्या. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर किती पाणी प्यायचं ते आधी डॉक्टरांना विचारा.
- जोर लावताना श्वास सोडा. तोंडाने मोजत राहिलात तर श्वास आपोआप रोखला जात नाही.
- एकट्याने करू नका. हाक मारली तर ऐकू येईल इतक्या अंतरावर कुणीतरी हवं.
- काढलेला पाला पेटवू नका. कण्हेरीसारख्या विषारी झाडांचा धूर छातीला घातक आहे आणि घरातल्या दम्याच्या माणसाला कोणताही धूर नको. खड्डा करून खत करा.

झाड मात्र तुमचं काम नाही

माझा नियम सोपा आहे. दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, हात वर केल्यावर जिथे पोचतो तिथपर्यंतचं काम तुमचं. त्याच्या वरचं नाही. शिडीवर उभं राहून करवत चालवणं, कलतं झाड दोरीने ओढणं, विजेच्या तारेजवळची फांदी तोडणं, यातलं काहीही नाही. तारेजवळचं काम महावितरणला कळवून, वीज बंद करूनच. शहरात तर झाड तोडायला १९७५ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, गावातही काही जातींच्या झाडांना लागते. परवानगीसाठी थांबावं लागतं म्हणून लोक कुरकुरतात. मला वाटतं, "आजच तोडतो" ही घाई तेवढ्यानेच मोडते.

आता एक अप्रिय गोष्ट. "मग गडी लावतो" म्हटलं की आपल्याला जबाबदारी संपल्यासारखी वाटते. तसं नसतं. आपण आपली पाठ वाचवतो आणि त्याच झाडावर दुसऱ्या माणसाला अनवाणी, दोरीशिवाय चढवतो. झाडावरून पडून मणका मोडलेला तरुण कायमचा अंथरुणाला खिळतो, तेव्हा त्याच्या घरातला एकमेव पगार बंद झालेला असतो. त्याचं बिल कोण भरतं? बहुतेक वेळा कुणीच नाही. म्हणून काम देताना विचारा, कमरेला पट्टा आहे का, डोक्यावर टोपी आहे का, खाली दुसरा माणूस आहे का, विमा आहे का. सकाळपासून पोटात काही आहे का आणि दारू तर नाही ना, हेही पाहा. पट्टा-दोरीसाठी तो दोनशे-पाचशे जास्त मागत असेल तर घासाघीस करू नका. पाऊस पडून खोड निसरडं झालं असेल तर "आलाच आहेस तर उरकून टाक" म्हणू नका.

कधी थांबायचं

काम करताना छातीत जडपणा, जबडा, खांदा किंवा हात भरून येणं, दम न ओसरणं, गार घाम, घेरी यापैकी काहीही झालं तर हत्यार तिथेच खाली ठेवा. स्नायूचं दुखणं दाबल्यावर आणि हात हलवल्यावर वाढतं, हृदयाचं दुखणं बहुधा श्रमाने वाढतं आणि बसल्यावर कमी होतं. पण हा फरक घरी बसून ठरवायचा नाही. तो ईसीजीने ठरवायचा. विश्रांतीने बरं वाटलं हे पुन्हा कामाला लागण्याचं कारण नाही, उलट तीच धोक्याची खूण आहे. पाठ भरल्यावर पायात बधिरता किंवा जोर कमी झाला, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तरी त्याच दिवशी या.

त्या गृहस्थांची वई अजून अर्धीच निघाली आहे. परवा तपासणीला आले तेव्हा म्हणाले, उरलेली आता रोज एक हात अशी त्यांचा पुतण्या काढतो आणि ते खुर्ची टाकून बसतात. वई चाळीस वर्षं उभी होती. आणखी पंधरा दिवस उभी राहिली असती तर काहीही बिघडणार नव्हतं.

काळजी घ्या.