वात्सल्याची गुणपत्रिका

मराठीच्या अभ्यासकाला बाळाविषयी बोलायला सांगितले की तो हमखास वात्सल्यरसाकडे वळतो. कृष्णाचे रांगणे, यशोदेचे कौतुक, जात्यावरच्या ओव्यांतले तान्हुले, अंगाईगीते आणि फार तर साने गुरुजींनी संकलित केलेले 'स्त्री जीवन', एवढ्या ऐवजावर आमचे परीक्षेपुरते टिपण सहज तयार होते. या ऐवजाबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यातून जडलेल्या सवयीबद्दल. बाळ पाहून हरखून जावे, पण त्याच्याकडे लक्ष देऊन पाहण्याचे काम दुसऱ्या कोणाचे तरी आहे, असे आपण मानू लागलो आहोत. या सवयीची किंमत कोण मोजते, हे आमच्या आष्टी तालुक्यात राहून न दिसणे अवघड आहे.

आधी मूळ गोष्ट. बालरोगतज्ज्ञ ज्यांना विकासाचे टप्पे म्हणतात, ते आपल्या आज्यांना नावानिशी ठाऊक होते. बाळ हसून ओळख देते, मान धरते, पालथे पडते, आधाराशिवाय बसते, चिमटीत दाणा उचलते, उभे राहते, पाऊल टाकते, बोबडे बोलते. आधुनिक शास्त्राने या क्रियापदांना काळाची चौकट दिली, आणि ही चौकट लोक समजतात त्यापेक्षा बरीच ऐसपैस आहे. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील ८१६ मुलांच्या हालचालींचा अभ्यास करून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधाराशिवाय बसण्याचा काळ ३.८ ते ९.२ महिने, स्वतःच्या पायांनी चालण्याचा ८.२ ते १७.६ महिने. म्हणजे नवव्या महिन्यात चालणारे मूल आणि सतराव्या महिन्यात चालणारे मूल, दोन्ही निकोप असू शकतात. शंभरातली चारेक मुले तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. तो टप्पा गाळून ती सरळ उभी राहिली.

आता या ज्ञानाचे आपल्या सुशिक्षित घरांत काय होते ते पाहा. 'मैलाचा दगड' हा शब्दप्रयोग आपण इंग्रजीतून उचलला आणि त्याबरोबर रस्ता, वेग आणि पुढे निघून गेलेला शेजारीही उचलला. बोरन्हाणाला जमलेल्या बायका चुरमुरे-बोरे वेचता वेचता सहज विचारतात, "अजून उभा राहत नाही का?" त्या प्रश्नात कुतूहल थोडे आणि निकाल जास्त असतो. निकाल लागतो तो अर्थातच आईचा. तिचे दूध कमी, तिची नोकरी जास्त, तिचे लक्ष नाही. मग बाजारातून चाकांचा वॉकर येतो. आपला जुना पांगुळगाडा मूल स्वतःच्या पायांवर उभे राहून ढकलत असे. या वॉकरमध्ये मूल लोंबकळते. त्याने चालणे लवकर येत नाही आणि अपघात मात्र होतात, म्हणून कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे तो अजूनही बारशाच्या भेटीत मोठ्या प्रेमाने दिला जातो. काळाची चौकट ही लक्ष ठेवण्यासाठी होती. आपण तिची गुणपत्रिका केली.

याच घरांत उलट टोकाचा हलगर्जीपणाही सुखाने नांदतो. दीड वर्षाचे मूल एकही अर्थपूर्ण शब्द बोलत नसेल, तर "त्याचा बापही उशिराच बोलला होता" हे वाक्य तयार असते. हाक मारल्यावर ते वळते का, हे कोणी नीट तपासत नाही. अशा वेळी आधी कानांची तपासणी करायची असते. ऐकू न येणारे मूल बोलणार कसे? दीड वर्ष उलटूनही न चालणे, नजरेला नजर न देणे आणि सर्वांत गंभीर म्हणजे आलेले कौशल्य हरपणे, या खुणा दिसल्यावर थांबायचे नसते. ज्या मुलाला घाई नको त्याला आपण घाई करतो आणि ज्याच्यासाठी घाई करायला हवी त्याच्याबाबत धीर धरतो.

आता चौकटीच्या बाहेरचे मूल. आष्टी हा बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा, अवर्षणाचा तालुका. दसरा-दिवाळी झाली की इथली कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. शाळकरी मुलांसाठी निदान हंगामी वसतिगृह नावाची एक सोय सरकारदप्तरी आहे. अंगावर पिणारे मूल मात्र आईबरोबरच जाते. कारखान्याच्या तळावरची कोपी हे त्याचे घर आणि उसाचा फड हे अंगण. आई पहाटेच्या अंधारात कोयता घेऊन फडात शिरली की ते पाचटावर, नाहीतर लुगड्याच्या झोळीत, आणि सांभाळायला सात-आठ वर्षांची बहीण, जिची स्वतःची शाळा सुटलेली असते.

साधे गणित करून पाहा. २०१८ पासून लहान बाळांसाठी आशाताईंच्या घरभेटींची योजना आहे: तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात. बाळ मान धरते का, बसते का, बोलते का, हे त्या भेटींत पाहायचे असते. ऑगस्टमध्ये जन्मलेले बाळ नोव्हेंबरात तीन महिन्यांचे होते, फेब्रुवारीत सहा महिन्यांचे आणि पुढच्या नोव्हेंबरात पंधरा महिन्यांचे. पाचांपैकी तीन भेटींच्या वेळी दाराला कुलूप असते. स्थलांतरितांची नोंद पुढे पाठवण्याची सोय अंगणवाडीच्या पोषण ट्रॅकरमध्ये आहे हे खरे. पण नोंद फोनमधून फडापर्यंत पोचली तरी तिच्यापाठोपाठ माणूस पोचावा लागतो.

यावर दोन आक्षेप येतात, आणि ते आमच्याच व्यवसायातून येतात.

पहिला असा की ही मातीतली पोरे काटक असतात, ती आपोआप वाढतात. आमच्या ग्रामीण साहित्याने हे चित्र इतक्या हौसेने रंगवले आहे की ते आता निरीक्षण वाटू लागले आहे. वरच्या अभ्यासातली भारतीय मुले दिल्लीतल्या सुखवस्तू घरांतली होती. पोटभर अन्न, निरोगी घर आणि सोबतीला माणूस मिळाल्यावर वेगवेगळ्या देशांतली मुले जवळपास सारखीच वाढतात, हाच त्या संशोधनाचा गाभा होता. याचा सरळ अर्थ असा की कोपीतले मूल मागे पडले तर त्यात त्याच्या जातीचा, मातीचा किंवा नशिबाचा दोष नाही. ही मोजपट्टी परकी आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी बडोद्यात प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांचीच निरीक्षणे करून १९७० साली मांडलेले निकष आठवावेत. आपोआप वाढतो तो ऊसही नाही. त्याला पाणी लागते.

दुसरा आक्षेप असा की हे डॉक्टरांचे काम, साहित्याच्या माणसांनी त्यात कशाला पडावे? आमचे उत्तर असे की यात भाषा आधीपासूनच पडलेली आहे. 'सूक्ष्म कारक विकास', 'सामाजिक-भावनिक विकास' असल्या मराठीत विचारलेल्या प्रश्नाला आई मान डोलावते आणि रकान्यात बरोबरची खूण होते. "दाणा चिमटीत धरतं का? परकं माणूस पाहून कावरंबावरं होतं का?" असे विचारले तर ती थांबते, आठवते आणि खरे उत्तर देते. ही क्रियापदे कोशात नेऊन ठेवण्याचे काम आम्ही बोलीभाषेच्या प्रकल्पांत करतो. ती तक्त्यात उतरवण्याचे काम कोण करणार? आमच्या वर्गात बसणाऱ्या कित्येक मुलामुलींचे पहिले पाऊल अशाच एखाद्या तळावर पडले आहे. त्यांना वात्सल्यरसाची व्याख्या पाठ करायला लावताना आम्हांला संकोच वाटायला हवा.

वाट दाखवणारी माणसे मराठीत होऊन गेली आहेत. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले आणि मुले बालवाडीत येत नाहीत हे पाहून बालवाडीच त्यांच्या वस्तीतल्या अंगणात नेली. आज देशभर रूढ झालेला 'अंगणवाडी' हा शब्द त्या निर्णयातून आला. पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. कुरणावर शाळा जाऊ शकते, तर फडावर पाळणाघर का जाऊ शकत नाही? १९४८ च्या कारखाने अधिनियमाने तीसहून अधिक स्त्रिया कामावर असलेल्या कारखान्यात पाळणाघर बंधनकारक केले होते. पण ऊस तोडणारी बाई कागदावर कारखान्याची कामगार कधी नव्हतीच. ती मुकादमाने आणलेल्या एका कोयत्याचा अर्धा भाग. तिच्या घामाने गोदामे भरतात, तिच्या बाळाचे नाव मात्र कारखान्याच्या कुठल्याच रजिस्टरात नसते.

आमची मागणी मोठी नाही. गाळपाचा परवाना देताना तळावर पाळणाघर आहे का, तिथे बाळांकडे पाहणारी शिकलेली बाई आहे का, हे विचारले जावे. बाळाचे कार्ड आईबरोबर जावे आणि तळाजवळच्या अंगणवाडीने ते उघडून वाचावे. आणि मराठी विभागांनी एक उन्हाळा या कामाला द्यावा: हंगामाहून परतलेल्या आयांशी बोलून, बाळाच्या वाढीसाठी त्या वापरतात ते शब्द जमवून, त्यांतून घरभेटीचे प्रश्न लिहून आशाताईंच्या हाती द्यावेत. पुढच्या दसऱ्याआधी हे सहज होण्यासारखे आहे.